रबराचं वय

जुनी गाडी बघायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: रनिंग किती? आकडा कमी निघाला की त्याचा चेहरा खुलतो. मला त्या आनंदाची काळजी वाटते. वीस वर्षांत तीस हजार किलोमीटर चाललेली गाडी म्हणजे वीस वर्षं बहुतेक काळ उभी राहिलेली गाडी. पिस्टन, बेअरिंग, गिअर यांची झीज तिच्यात खरोखर कमी असते. पण या लोखंडाभोवती डझनावारी रबरी भाग असतात आणि त्यांना किलोमीटर कळत नाहीत. रबर वर्षं मोजतं.

जुनी गाडी घरच्या घरी सांभाळायची तर कामांचा क्रम यावरूनच लावावा, असं माझं ठाम मत आहे. बहुतेक जण एंजिनापासून सुरुवात करतात. प्लग बदलतात, ऑइल बदलतात, कार्बोरेटर खोलतात. एंजिन बहुधा ठीकच असतं. त्याला पाणी पोचवणारा पाइप, पेट्रोल आणणारी नळी, त्याला जागेवर धरणारं माउंटिंग आणि ब्रेकच्या सिलिंडरमधल्या बोटाच्या पेराएवढ्या रबरी वाट्या, हे सगळं त्याच्या कितीतरी आधी थकलेलं असतं.

उदाहरणाला मारुती ८०० घेऊ, कारण महाराष्ट्रात घराघरातून ती अजून जपलेली दिसते. १४ डिसेंबर १९८३ला पहिली गाडी ग्राहकाच्या हाती गेली आणि १८ जानेवारी २०१४ला उत्पादन थांबलं. त्याआधीच, एप्रिल २०१०मध्ये, भारत स्टेज ४ हे धुराच्या प्रदूषणाचे निकष लागू झालेल्या तेरा शहरांत तिची विक्री बंद झाली होती. त्यात आपल्याकडची मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. म्हणजे या तीन शहरांत विकली गेलेली अगदी शेवटची ८०० सुद्धा आता आरसीच्या नूतनीकरणाच्या वयात आली आहे. फिटनेस तपासणी, पर्यावरण कर, आणि वीस वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५पासून दहा हजार रुपये नूतनीकरण फी. एवढं भरून जी गाडी ठेवायची, तिची तब्येत आतून चांगली असायला हवी.

या गाडीवर घरी काम करणं सोपं आहे. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं एंजिन आडवं बसवलेलं, पुढची चाकं गाडी ओढतात, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. बॉनेट उघडलं की जवळजवळ सगळीकडे हात पोचतो. रचना जपानी असल्यामुळे १०, १२, १४ आणि १७ नंबरच्या पान्यांवर बहुतेक गाडी खुलते. त्यात प्लगपाना, फीलर गेज, साधा मल्टिमीटर आणि टॉर्क रेंच घाला. दोन चांगले जॅक स्टँड मात्र सगळ्यात आधी घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. जुन्या गाडीत जॅक लावायच्या जागेचा पत्राच आतून सडलेला असू शकतो आणि जॅक सरळ पत्र्यातून वर येतो.

रबर म्हणजे एकच पदार्थ, असं आपण धरून चालतो आणि तिथेच नुकसान होतं. गाडीत मुख्यतः तीन कुळांचं रबर असतं. कूलंटचे, म्हणजे एंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, पाइप आणि बीडिंगचं, म्हणजे दारांच्या कडेच्या पट्टीचं, रबर बहुधा ईपीडीएम जातीचं. ते उष्णता, पाणी, ऊन आणि हवेतला ओझोन छान सोसतं, पण तेल लागलं की फुगून लिबलिबीत होतं. ऑइल सील आणि पेट्रोलच्या नळ्या नायट्रिल जातीच्या. त्यांना तेलाचं भय नाही, ओझोनने मात्र त्या तडकतात. तिसरं नैसर्गिक रबर, म्हणजे एंजिन माउंटिंग आणि सस्पेन्शनच्या सांध्यांतले बुश. दणके सोसण्यात त्याच्या तोडीचं दुसरं रबर नाही, पण तेल आणि ओझोन दोन्ही त्याचे वैरी.

आता आपल्याकडची एक जुनी पद्धत बघा. सर्व्हिसिंगनंतर गाडीच्या पोटाला डिझेल किंवा जळकं ऑइल फवारायचं. पत्र्याला गंज लागत नाही आणि कुरकुर थांबते, असा समज. कुरकुर दोन दिवस थांबतेही. पण ते तेल चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मच्या बुशांत, स्टॅबिलायझर बारच्या रबरांत आणि माउंटिंगमध्ये मुरतं. नैसर्गिक रबर तेल पिऊन फुगतं, मऊ पडतं आणि वर्षभरात चिरतं. जुन्या गाडीवर ही फवारणी कधीच करू देऊ नका. बुश वाजत असेल तर सिलिकॉन ग्रीस लावा आणि तरीही वाजला तर तो बदलायला आला आहे असं समजा.

उभी गाडी जास्त लवकर का म्हातारी होते, याचं उत्तर टायरमध्ये आहे. ओझोनपासून बचाव व्हावा म्हणून टायरच्या रबरात एक प्रकारचं मेण मिसळलेलं असतं. टायर फिरतो, दबतो, वाकतो तेव्हा ते मेण हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि पातळ थर धरतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर हा थर नीट धरत नाही, आणि बाजूच्या भिंतीवर केसासारख्या भेगा पडतात. नक्षी पूर्ण शाबूत आणि टायर मेलेला, हे दृश्य जुन्या गाड्यांवर नेहमीचं आहे. टायरच्या बाजूला कोरलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: ३२१९ असेल तर टायर २०१९च्या बत्तिसाव्या आठवड्यातला. सहा वर्षांनंतर दरवर्षी उजेडात नीट तपासावा, आणि दहा वर्षांचा टायर कितीही नवा दिसला तरी उतरवावा.

आता कूलिंग. या भागाकडे झालेलं दुर्लक्ष सगळ्यात महाग पडतं. ८००च्या एंजिनाचा खालचा भाग, म्हणजे ब्लॉक, बिडाचा आणि त्यावरचं हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. ठरलेल्या तापमानापर्यंत दोघांमधलं गॅस्किट हा फरक सांभाळून घेतं. एकदा गाडी उकळली की हेड वाकतं, गॅस्किट उडतं आणि चारशे रुपयांच्या पाइपपायी हेड उतरवून फेस मारून, म्हणजे घासून सपाट करून, घ्यायची वेळ येते. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, गरम एंजिनातही थांबत नाही असा पांढरा धूर, या त्याच्या खुणा. झाकणाखालचा थर एकटा दिसला तर घाबरू नका. गाडी रोज दोनच किलोमीटर चालत असेल तर नुसत्या वाफेनेही तो धरतो.

पाइप सकाळी, रात्रभर थंड झालेल्या गाडीवर तपासा. चांगला पाइप चिमटीत दाबला की दबतो आणि सोडल्याबरोबर मूळ आकारात येतो. सुक्या बोंबलासारखा कडक लागला किंवा दाबल्यावर आतून करकर ऐकू आली तर तो गेला. नुसता मधोमध दाबून चालत नाही. कूलंट आणि धातू यांच्यात अगदी क्षीण वीज खेळत असते, आणि तिच्यामुळे पाइप आतून चिरतो. ही चीर बाहेरून दिसत नाही आणि बहुधा क्लिपपासून दोनेक इंचांत असते. म्हणून टोकाजवळ दाबा, मग मध्ये दाबा आणि दोन्ही सारखे लागतात का बघा. टोक मधल्या भागापेक्षा मऊ लागलं तर पाइप बदला. वरचा-खालचा मोठा पाइप सगळे बदलतात. थर्मोस्टॅटच्या (एंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणाऱ्या झडपेच्या) आसपासचे आणि हीटरकडे जाणारे आखूड पाइप विसरले जातात आणि नेमके तेच घाटात फुटतात.

जुना पाइप रेडिएटरच्या तोंडावरून ओढून, पिळून काढू नका. पितळी रेडिएटरचं तोंड झाळणीतून सुटतं आणि प्लास्टिकचं असेल तर तडकतं. ब्लेडने पाइपला लांबीच्या दिशेने चीर द्या आणि साल सोलावी तसा काढा. तोंडावरचा पांढरा क्षार बारीक पॉलिश पेपरने साफ करा, कारण गळती बहुधा या क्षाराच्या खडबडीतपणातूनच होते. क्लिप तोंडावरच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, उंचवट्यावर नाही. क्लिपच्या खाचांतून रबर फुगून बाहेर येईपर्यंत आवळू नये. दोन-तीनदा गाडी गरम होऊन थंड झाली की क्लिपा पुन्हा एकदा जरा आवळून घ्या. नवं रबर बसतं आणि त्या सैल पडतात.

कूलंट भरताना तयार मिश्रण घ्या, किंवा कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी नकोच. त्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि नुसत्या पाण्यात गंजरोधक नसल्यामुळे बिडाचा ब्लॉक आतून गंजतो. भरायची रीत अशी: हीटर असेल तर त्याचा खटका गरमकडे ठेवा, रेडिएटर सावकाश भरा, झाकण उघडं ठेवून गाडी आयडलवर चालू करा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाईल. वरचा पाइप हाताने हळूहळू दाबत राहा, बुडबुडे येतील, कूलंट भरत जा. पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत हे चालू ठेवायचं. मग झाकण लावा, आणि त्या झाकणाचं रबरही तपासा. ते कडक झालं असेल तर दाब टिकत नाही. दाब नसला की कूलंट कमी तापमानालाच उकळतं आणि आपण मात्र रेडिएटरला दोष देत बसतो.

थर्मोस्टॅट काढून टाकला की गाडी तापत नाही, हा सल्ला अजूनही सर्रास मिळतो. तो मानू नका. थर्मोस्टॅट नसलेलं एंजिन वेळेवर गरमच होत नाही. मग हवा-पेट्रोलचं मिश्रण घट्ट, म्हणजे जास्त पेट्रोलचं, राहतं, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, गाळ धरतो. शंका असेल तर थर्मोस्टॅट काढून पाण्याच्या पातेल्यात दोरीला टांगून ठेवा आणि स्वयंपाकघरातला थर्मामीटर सोडा. ८२ अंशांच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे. उघडला नाही तर नवा घाला. काढून टाकायचं कारण उरत नाही.

पेट्रोलच्या नळ्यांचा प्रश्न गेल्या काही वर्षांत जास्त गंभीर झाला आहे, कारण पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या नळ्या, कार्बोरेटरची गॅस्किटं, पंपाचा पडदा हे सगळं इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी बनलेलं होतं. इथेनॉल या रबरातला मऊपणा देणारा अंश धुऊन काढतं. पेट्रोल भरलेलं असेपर्यंत नळी फुगलेली राहते आणि गळत नाही. गाडी महिनाभर उभी राहिली, नळी सुकली, आकसली की मग थेंब पडू लागतो. म्हणून उभ्या गाडीजवळ पेट्रोलचा वास आला तर ‘जुन्या गाडीला येतोच’ म्हणू नका. गरम एंजिनावर पडणारा एक थेंब गाडी जाळायला पुरतो.

दुकानात ‘पेट्रोल पाइप’ एवढंच मागू नका. नळीवर छापलेलं वाचा. एसएई जे ३० आर ९ असं असेल तर आतला थर फ्लोरोकार्बन रबराचा असतो आणि इथेनॉल त्याला बाधत नाही. मीटरला चार पैसे जास्त पडतील, पण लागते ती मुळात मीटर-दीड मीटर. टाकीजवळची, पंपाच्या दोन्ही बाजूंची आणि कार्बोरेटरची, सगळी एकाच दिवशी बदला. एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या, गाडीत नळीत दाब बराच जास्त असतो, म्हणून तिथे इंजेक्शनसाठीचीच नळी आणि तिच्याच क्लिपा. पेचाच्या साध्या क्लिपा नळीला कापतात. काम करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा, आणि आसपास गीझर किंवा गॅसची शेगडी नाही ना, तेही बघा. बिल्डिंगच्या तळपार्किंगमध्ये तर हे काम करूच नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साठते.

कार्बोरेटरच्या ८००मध्ये पेट्रोल पंप यांत्रिक असतो आणि त्यात एक रबरी पडदा हलत असतो. तो फाटला की पेट्रोल बाहेर गळेलच असं नाही. ते एंजिनात ऑइलमध्ये उतरू शकतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, डिपस्टिक नाकाशी धरा. पेट्रोलचा वास आला तर पंप आणि ऑइल दोन्ही बदलल्याशिवाय गाडी चालू करू नका. पातळ ऑइलवर बेअरिंग टिकत नाही.

इथेनॉलचा दुसरा परिणाम हवा-पेट्रोलच्या मिश्रणावर. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला हवेचे १४.७ भाग लागतात, इथेनॉलच्या एका भागाला नऊ. वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. एमपीएफआय गाडीतला ऑक्सिजन सेन्सर हे ओळखून थोडं जास्त पेट्रोल सोडतो. कार्बोरेटरला ओळखायला काही नाही, म्हणून मिश्रण पातळ पडतं: सकाळी चोक जास्त वेळ लागतो, ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर अडखळते, प्लगचं चिनीमातीचं टोक विटकरी न राहता पांढरं पडतं. आयडलचा मिश्रणाचा पेच गरम एंजिनावर पाव-पाव फेऱ्याने फिरवून सगळ्यात जास्त आरपीएम जिथे मिळतो तिथे आणावा, मग वेगाच्या पेचाने आयडल नऊशेच्या आसपास. पण हा पेच आयडलपुरताच. रस्त्यावरचं मिश्रण मेन जेट ठरवतो. प्लग फारच पांढरे पडत असतील तर एक नंबर मोठा जेट मिळवून बसवा. जुन्या जेटमध्ये सुई घालून भोक वाढवायचा उद्योग नको. ते भोक पुन्हा मोजता येत नाही.

इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. ते जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळे होतात, आणि पंप तळातूनच ओढतो. पावसाळ्यात गाडी फारशी निघणार नसेल तर टाकी अर्धी ठेवू नका, भरून ठेवा. रिकामी जागा जेवढी कमी तेवढी दमट हवा कमी. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवा. जागेवर पाच मिनिटं चालू करून बंद करणं याच्या उलट काम करतं, कारण ऑइल गरम होत नाही आणि सायलेन्सरमध्ये साठलेलं पाणी आतच राहतं.

एंजिनाची ओढ (व्हॅक्यूम) पोचवणाऱ्या बारीक रबरी नळ्या तपासायला फार वेळ लागत नाही. आयडल चढ-उतार करत असेल तर फवाऱ्याच्या बाटलीत साधं पाणी घ्या आणि एकेका नळीच्या टोकाशी फवारा. चीर असेल तिथे पाणी ओढलं जातं आणि एंजिनाचा आवाज बदलतो. कार्ब क्लीनरनेही हे कळतं, पण तो पेट घेतो. पाणी सुरक्षित. हीच बाटली रात्री अंधारात प्लगच्या वायरींवर हलकी फवारली तर चिरलेल्या वायरीतून उडणारी निळी ठिणगी दिसते. हात मात्र लांब ठेवा.

पुढच्या चाकांकडे चला. चाक फिरवणाऱ्या ड्राइव्हशाफ्टच्या टोकाला सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक वळलं तरी फिरत राहणारा सांधा, असतो आणि त्यावर घडीघडीचं रबरी बूट. हे बूट आठ-दहा वर्षांत घड्यांच्या तळाशी तडकतं. बूट फाटलं तरी आठ-पंधरा दिवस काही जाणवत नाही. ग्रीस बाहेर फेकलं जातं, धूळ आणि पाणी आत जातं, आणि पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना कट-कट-कट आवाज येऊ लागतो. हा आवाज आला म्हणजे जॉइंट संपला. म्हणून महिन्यातून एकदा स्टिअरिंग पूर्ण वळवून टॉर्चने घड्यांच्या आत बघा. चाकाच्या रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले तर त्याच आठवड्यात बूट बदला.

गाडी जमिनीवर असतानाच ॲक्सलच्या नटाची स्प्लिट पिन काढून नट सैल करा. गाडी वर घेतल्यावर तो सुटायचा नाही. मग जॅक स्टँड, चाक, खालचा बॉल जॉइंट, आणि हबमधून शाफ्ट मोकळा. जुनं ग्रीस पूर्ण पुसा, गोळ्या आणि त्यांच्या खाचा रॉकेलने धुऊन उजेडात बघा. खाचेत नखाला लागेल असा खड्डा असेल तर नवं बूट घालून उपयोग नाही. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं काळं ग्रीसच भरायचं, बुटाच्या पाकिटात मिळतं तेवढं सगळं. चाकाच्या बेअरिंगचं पिवळं ग्रीस इथे टिकत नाही. स्प्लिट पिन नवीच घाला. शाफ्ट गिअरबॉक्सच्या बाजूने ओढला असेल तर गिअर ऑइल सांडतं, ते पुन्हा भरायला विसरू नका.

इथेच लोअर आर्मचे बुश हाताशी येतात, आणि इथेच एक चूक अगदी अनुभवी हातांकडूनही होते. नवा बुश घालून, गाडी हवेत असतानाच बोल्ट पूर्ण आवळला जातो. त्या वेळी आर्म खाली लोंबत असतो. बुशच्या आतली नळी त्याच स्थितीत घट्ट धरली जाते, आणि गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं. सहा महिन्यांत ते फाटतं आणि दोष पार्टला दिला जातो. बोल्ट हाताने बसवा, चाक लावा, गाडी खाली उतरवा, बॉनेटवर दोन-चारदा दाबून सस्पेन्शन जागेवर येऊ द्या आणि मग टॉर्क रेंचने आवळा. याला पाच मिनिटं जास्त लागतात, आणि बुशचं आयुष्य वर्षांनी वाढतं.

ब्रेक. इथे मात्र हात बसलेला नसेल तर पहिल्यांदा जाणत्या माणसाला शेजारी उभं करा. ब्रेक ऑइल हे नावाला ऑइल आहे. ते ग्लायकॉलचं द्रव्य आहे आणि आतल्या रबरी वाट्या त्यालाच जुळणाऱ्या रबराच्या. चुकून चमचाभर एंजिन ऑइल जरी त्यात पडलं तरी सगळ्या वाट्या फुगतात आणि पूर्ण सिस्टिम खोलावी लागते. हे द्रव्य हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ ताजं असताना २०५ अंशांना उकळतं, ओलावा धरला की १४०ला. घाट उतरताना ब्रेक सतत दाबलेला असताना पेडल एकाएकी मऊ पडतं, ते यामुळे. शिवाय ते पाणी सिलिंडरला आतून गंजवतं. दर दोन वर्षांनी ते बदलावं, गाडी चालली असो वा नसो. सीलबंद छोटा डबा घ्या. मागच्या वर्षी उघडून ठेवलेला नको.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. चाकाच्या ब्रेकवर हवा सोडायचं निपल असतं, त्याला रिंग पाना लावा, ओपन पान्याने कडा जातात. पारदर्शक नळीचं एक टोक निपलला, दुसरं बाटलीत थोड्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलेलं. आत बसलेला माणूस पेडल दाबून धरतो, तुम्ही निपल अर्धा फेरा सोडता, आवळता, आणि मगच तो पाय उचलतो. ‘दाब, धर, सोड’ हे शब्द आधी नीट ठरवून घ्या. पेडलने दाबल्या जाणाऱ्या मुख्य सिलिंडरची, म्हणजे मास्टर सिलिंडरची, डबी प्रत्येक पाच-सहा दाबांनंतर भरा. ती रिकामी झाली तर हवा वरून शिरते आणि सगळं पहिल्यापासून.

जुन्या गाडीत आणखी एक खबरदारी. रोजच्या वापरात पेडल निम्म्या अंतराच्या पुढे जात नाही, म्हणून मास्टर सिलिंडरच्या नळीत पुढच्या भागावर गंजाचा खरबरीत पट्टा धरलेला असतो. हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबलं की रबरी वाटी त्या पट्ट्यावरून घासत जाते आणि फाटते. सकाळी ठीक असलेला ब्रेक संध्याकाळी हळूहळू खाली जाऊ लागतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे पाय पूर्ण खाली जाणारच नाही.

चाकाकडे जाणाऱ्या लवचीक ब्रेक होजचंही असंच. ती बाहेरून धडधाकट आणि आतून फुगून बंद झालेली असू शकते. पायाच्या जोराने ऑइल जातं, पण परत यायला वाट मिळत नाही. एक चाक दुसऱ्यापेक्षा गरम, गाडी एका बाजूला ओढते, आणि लोक कॅलिपर खोलत बसतात. गाडी वर घ्या, ब्रेक दाबून सोडा. चाक अडलेलं असेल तर निपल सोडा. ऑइलची पिचकारी उडून चाक मोकळं झालं तर बहुधा होज गेलेली असते.

एंजिनाचे व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडवणारा टायमिंग बेल्टही रबरच. गाडी विकत घेतली आणि तो कधी बदलला याची नोंद नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा. दात शाबूत दिसतात, पण आतले धागे सुटलेले असतात. हा बेल्ट जोडतो त्या कॅम आणि क्रँक या दांड्यांचे ऑइल सील त्याच वेळी बदला, कारण नव्या बेल्टवर जुन्या सीलचं तेल गळलं तर तो वर्षही काढत नाही. खुणा जुळवून बेल्ट चढवल्यावर क्रँक पान्याने, हाताने, दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा बघा. कुठे अडल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका.

पार्ट घेताना पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला ८००चं जवळजवळ सगळं अजून मिळतं. लोखंडी पार्ट जुन्या साठ्यातला, सीलबंद डब्यातला मिळाला तर आनंदाने घ्या. रबरी पार्ट तसा घेऊ नका. कंपनीच्या पाकिटात पंधरा वर्षं फळीवर पडलेला बुश पंधरा वर्षांचाच असतो. पाकीट फोडून पार्ट वाकवून बघा. घडीवर बारीक जाळी दिसली किंवा बोटाला पांढरी भुकटी लागली तर परत करा. त्यापेक्षा या वर्षी बनलेला चांगल्या कंपनीचा साधा पार्ट बरा.

शेवटी दारं आणि काचा. कोकणात आणि मुंबईत जुनी गाडी एंजिनाने मरत नाही, पत्र्याने मरते, आणि पत्रा सडायला सुरुवात होते ती आकसलेल्या बीडिंगपासून. पाणी आत येतं, गालिच्याखालच्या नमद्यात मुरतं आणि वरून सगळं कोरडं दिसत असताना जमिनीचा पत्रा महिनोन्‌महिने ओला राहतो. पहिल्या पावसानंतर गालिचा उचलून नमद्यावर हात ठेवून बघा. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, ती माती आणि पानांनी बुजतात. जुन्या टूथब्रशची दांडी फिरवून मोकळी करा. काचेखालच्या जाळीतलीही.

गंज दिसला तर त्यावर काळं कोटिंग मारू नका. आतलं पाणी आतच कोंडलं जातं. वायर ब्रशने चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासा, फॉस्फरिक ॲसिडचा रस्ट कन्व्हर्टर लावा, वाळू द्या, इपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीलर, मग रंग आणि सगळ्यात शेवटी कोटिंग. भोक पडलं असेल तर पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागतो. लांबी (पुट्टी) भरून झाकलेलं भोक पुढच्या पावसाळ्यात मोठं होऊन भेटतं.

नवं बीडिंग चढवताना खालच्या कडेच्या मधोमध सुरुवात करा, म्हणजे सांधा वर येत नाही. कोपऱ्यात रबर ताणू नका, उलट किंचित जास्तच बसवा. ताणलेलं रबर वर्षभरात आकसतं आणि कोपऱ्यात फट पडते. साबणाचं पाणी लावलं की ते सहज सरकतं. तेल लावायचं नाही, हे आता सांगायला नको. पहिले काही दिवस दार जड लागेल, दोनदा आपटावं लागेल. घाईने कुलपाचा खटका बाहेर सरकवू नका. दोन आठवड्यांत रबर दबून आपला आकार घेतं, आणि मग ८००चं ते पातळ पत्र्याचं दार खणखणायचं सोडून एका दमात, मऊ आवाजाने बंद होऊ लागतं.